दोन रकान्यांमधली स्त्री : एका संग्रहाची प्रस्तावना

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लातूर-उस्मानाबादकडील गावे गाढ झोपेत असताना, किल्लारी व तिच्या आसपासची जमीन हादरली आणि मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंतींची घरे हजारो माणसांवर कोसळली. त्या आपत्तीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो विस्तृत पुनर्वसन-कार्यक्रम हाती घेतला, त्यात सर्वस्वी नव्या जागी वसवावयाच्या 52 गावांतील घरांचे क्षेत्रफळ ठरविण्यासाठी जे माप योजिले गेले ते जमिनीचे होते: भूमिहीनास आणि एक हेक्टरपर्यंतच्या खातेदारास 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास 400, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास 750. भूमिहीनालाही पक्के घर मिळाले, ही त्या योजनेची मोठी गोष्ट होती आणि ती कोणी नाकारू नये. परंतु सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढलेच नाही अशी विधवा, नवऱ्याने टाकलेली परंतु कागदोपत्री त्याच्याच कुटुंबात मोजली जाणारी परित्यक्ता, आणि पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या रानात राबल्यामुळे जमिनीच्या रकान्यात जिच्यापुढे शून्यच पडावयाचे अशी दलित मजूर स्त्री, यांपैकी कोणाशीही दुजाभाव करावा असे त्या तक्त्यात कोठेही लिहिलेले नसताना, जुन्या गावातील जमिनीची विषमता नव्या गावाच्या भिंतींत चौरस फुटांच्या हिशेबाने उतरली.

मदत यादीने पोहोचते, हे ज्याने एकदा तरी मदतछावणीत काम केले आहे त्यास निराळे सांगावे लागत नाही. करुणा, राजकारण, कर्ज, अनुदान वा आंतरराष्ट्रीय करार, यांपैकी कोणत्याही उगमातून ती निघो, शेवटच्या मुक्कामी कोणीतरी कागद हाती घेतो, रकाने आखतो, कुटुंबप्रमुखाचे नाव विचारतो, दाखला मागतो आणि नोंद करतो. आणि त्या रकान्यांत जिचे आयुष्य बसत नाही तिचे दुःख कितीही खरे असले, तरी दप्तराच्या लेखी ते अस्तित्वातच येत नाही. प्रस्तुत संग्रहाचा विषय असलेला आंतरछेदी स्त्रीवाद हा, माझ्या समजुतीप्रमाणे, या रकान्यांची कसून तपासणी करणारा विचार आहे. यादी कोणी केली, कोणत्या मापाने केली, आणि दोन रकान्यांमधल्या रेघेवर कोण उभे राहिले, हे प्रश्न तो विकासाच्या प्रत्येक योजनेस विचारतो. आणि ते प्रश्न वरवर कारकुनी वाटले, तरी त्यांच्या उत्तरावर माणसांचे अन्न, निवारा आणि मान अवलंबून असतो, म्हणूनच या विषयाचे मोल मला एवढे वाटते.

या संकल्पनेचा मूळ इंग्रजी शब्द ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा अमेरिकेतील कायदेपंडिता किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 साली एका निबंधातून रूढ केला, आणि त्यामागे न्यायालयातील एक वास्तविक प्रकरण होते. जनरल मोटर्स या मोटारी बनविणाऱ्या कंपनीवर पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. 1964 पूर्वी त्या कारखान्याने एकाही कृष्णवर्णीय स्त्रीस कामावर घेतले नव्हते. पुढे कामगारकपातीची वेळ आली तेव्हा सेवाज्येष्ठतेचा नियम लावण्यात आला, आणि 1970 नंतर लागलेल्या साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया त्या नियमाने घरी बसल्या. 1976 साली न्यायालयाने निवाडा दिला तो असा, की कंपनी स्त्रियांना कामावर ठेवते, अर्थात गोऱ्या स्त्रियांना कचेरीत. म्हणून लिंगभेद सिद्ध होत नाही. वर्णभेदाची तक्रार वेगळी मांडावी. परंतु दोन्ही कारणे एकत्र करून ‘कृष्णवर्णीय स्त्रिया’ असा नवा संरक्षित वर्ग निर्माण करता येणार नाही. क्रेनशॉ यांनी या कोंडीस चौरस्त्याची उपमा दिली. चारी रस्त्यांवरून वाहने धावत असताना जी व्यक्ती चौकात उभी आहे, तिला धक्का एका वाहनाचा बसेल वा अनेकांचा मिळून बसेल. आणि अपघात नेमका कोणत्या रस्त्यावर घडला हे निश्चित झाल्यावाचून जखमेला पट्टी बांधावयाची नाही असे जर ठरले, तर चौकात पडलेल्या माणसापर्यंत कोणीच पोहोचत नाही.

शब्द नवा असला तरी त्यामागील जाण पुष्कळ जुनी आहे, आणि मराठी वाचकाने तर ती परकी मानण्याचे काहीच कारण नाही. अमेरिकेत 1977 साली कोंबाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाने आपल्या निवेदनात वर्ण, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांचे जुलूम परस्परांत गुंतलेले असल्याचे प्रतिपादिले होते. त्याच्या सुमारे सव्वाशे वर्षे आधी, 1855 साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने ‘ज्ञानोदया’त जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात डोक्यावर छप्परसुद्धा नसताना बाळंत होणाऱ्या मांग-महार स्त्रियांची वेदना तिने सांगितली, ती वेदना केवळ स्त्रीची नव्हती आणि केवळ जातीचीही नव्हती. 1882 साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीअंतर्गत विवाहाची तटबंदी राखण्याची साधने कशा आहेत हे उलगडून, जात आणि स्त्रीचे दास्य यांचा सांधा दाखविला. पुढे शरद पाटील यांनी ‘जात-वर्ग-स्त्रीदास्य’ अशी जी एकत्रित मांडणी केली, तिच्या नावातच हा सारा विचार सामावलेला आहे. आणि ज्या 1989 साली शिकागोत क्रेनशॉ यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास मराठीत आला. कोणी कोणाचे पाहून लिहिले असे येथे सुचवावयाचे नाही. दोन दूरच्या भूमींत सारख्याच कोंडीतून सारखाच प्रश्न उपजला, एवढेच ध्यानात घ्यावे.

आता या विचाराची आंतरराष्ट्रीय मदतकार्याशी गाठ कशी पडली ते पाहावयाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या विकासयोजना आखल्या गेल्या, त्यांत स्त्री ही प्रायः माता म्हणून, पोषणाच्या वा कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाची लाभार्थी म्हणून येई. उत्पादक म्हणून तिची गणती नसे. 1970 साली डॅनिश अर्थशास्त्रज्ञा एस्टर बोसरप यांनी आर्थिक विकासातील स्त्रियांच्या भूमिकेवरील आपल्या ग्रंथात दाखविले, की आफ्रिकेच्या मोठ्या भागात शेती स्त्रियाच करीत असता, वसाहतीच्या अंमलदारांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या तज्ज्ञांनी नवी अवजारे, नगदी पिके व प्रशिक्षण पुरुषांच्या हाती दिले आणि त्यामुळे विकासाबरोबर स्त्रीची स्थिती खालावली. या ग्रंथाने ‘विकासात स्त्रिया’ या पहिल्या संप्रदायाचा पाया घातला. स्त्रियांना योजनांत सामावून घ्या, कर्ज द्या, शिक्षण द्या, म्हणजे त्यांचेही कल्याण होईल आणि उत्पादनही वाढेल, ही त्याची भूमिका होती.

1975 साली मेक्सिको शहरात पहिली जागतिक महिला परिषद भरली आणि तिच्यापाठोपाठ संयुक्त राष्ट्रांचे महिला दशक सुरू झाले. त्या परिषदेला जोडून भरलेल्या स्वयंसेवी संस्थांच्या मेळाव्यात बोलिव्हियातील सिग्लो वेइंते खाणवस्तीतून आलेल्या दोमितिला बारिओस दे चुंगारा या खाणकामगाराच्या पत्नीने, सुखवस्तू प्रतिनिधी ज्या स्त्रीप्रश्नांची चर्चा करीत होत्या त्यांत खाणीतल्या बायकांची उपासमार, त्यांच्या नवऱ्यांवरील दडपशाही आणि लष्करी सत्तेचा जाच कोठे आहे, असा रोखठोक सवाल केला. ‘स्त्री’ हा एकच रकाना सर्वांना पुरत नाही, ही गोष्ट जागतिक व्यासपीठावर अशी पहिल्याच वर्षी उघड झाली.

केवळ सामावून घेणे किती अपुरे ठरते, याचे एक बोलके उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील गांबियात घडले. तेथे दलदलीतील भातशेती परंपरेने स्त्रिया करीत आल्या. 1984 साली आंतरराष्ट्रीय साहाय्याने तेथे पाटबंधाऱ्याची जी योजना सुरू झाली, तिच्या उद्दिष्टांत स्त्रियांना जमीन मिळावी असे स्पष्ट नमूद होते आणि नोंदीही त्यांच्या नावे झाल्या. परंतु तेथील रूढीप्रमाणे शेत दोन प्रकारचे असते, व्यक्तीचे स्वतःचे आणि सबंध कुटुंबाचे. नवे भूखंड कुटुंबाच्या शेतात मोडले गेल्यामुळे पिकावरील ताबा कुटुंबप्रमुख पुरुषाकडे गेला आणि श्रम मात्र स्त्रियांवर, पूर्वीपेक्षा अधिक, येऊन पडले. नाव यादीत होते, अधिकार नव्हता.

अशा अनुभवांतून दुसरा संप्रदाय पुढे आला. एकट्या स्त्रीकडे न पाहता स्त्री-पुरुष यांच्यातील सत्तासंबंधांकडे पाहावे, असा त्याचा आग्रह होता. मॅक्सीन मॉलिन्यू यांनी निकाराग्वाच्या अभ्यासातून स्त्रियांच्या तातडीच्या व्यावहारिक गरजा आणि विषमतेच्या मुळाशी भिडणारी दीर्घकालीन हिते यांत भेद केला. नैला कबीर यांनी योजना राबविणाऱ्या संस्थांचेच नियम, साधने आणि सत्ता यांची चिकित्सा करावी हे शिकविले. याच सुमारास, 1984 साली, बंगळूर येथे देवकी जैन यांच्या पुढाकाराने दक्षिण गोलार्धातील अभ्यासक व कार्यकर्त्या एकत्र आल्या आणि ‘डॉन’ या जाळ्याची स्थापना झाली. कर्जसंकट, दुष्काळ, शस्त्रस्पर्धा आणि मूलतत्त्ववाद यांना वगळून स्त्रीमुक्तीचा विचार करता येत नाही, आणि ज्या पोळीत आम्हाला वाटा देऊ म्हणता ती पोळीच विषारी असेल तर काय, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यास एका गाजलेल्या निबंधात, पाश्चात्त्य स्त्रीवादी अभ्यासांतून ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ नावाची एकसाची, सदैव पीडित, इतिहास नसलेली बाहुली कशी घडविली जाते याची झडती घेतली. मदत देणाऱ्या संस्थांच्या पत्रकांवर डोळ्यांत पाणी घेऊन उभी असलेली अनाम स्त्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निबंधाची गरज समजेल.

1995 च्या बीजिंग परिषदेच्या घोषणापत्रात वंश, वय, भाषा, संस्कृती, धर्म, अपंगत्व वा आदिवासी असणे यांमुळे अनेक अडसर एकाच वेळी सोसणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र उल्लेख आला. त्याच वर्षी आपल्याकडे दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. 1998 साली पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी करून, दलित स्त्रियांचे वेगळेपण नुसते मान्य करून थांबता येणार नाही, तर तेथून पाहिल्यावर साऱ्याच स्त्रीवादाला आपली मांडणी बदलावी लागेल, हे प्रतिपादिले. 2001 च्या डर्बन येथील वंशभेदविरोधी परिषदेत दलित प्रतिनिधींनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला. अंतिम ठरावात जातीचे नाव आले नाही, परंतु जगाच्या कानावर तो प्रश्न पडला. 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात अपंग स्त्रियांवरील बहुविध भेदभावाचे स्वतंत्र कलम आले. 2010 साली स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी नेमलेल्या समितीने आंतरछेद हा राष्ट्रांच्या जबाबदारीचे आकलनसूत्र म्हणून स्वीकारला. आणि 2015 च्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांबरोबर कोणालाही मागे न ठेवण्याची प्रतिज्ञा करण्यात आली. अशा रीतीने चळवळीतून उगवलेला विचार शासकीय मसुद्यांच्या भाषेत येऊन बसला.

तेथेच त्याच्यापुढील खरा पेच सुरू होतो. आज या क्षेत्रात स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला व्यवहारवादी: त्याला आकडेवारी लिंग, वय, जात-जमात व अपंगत्व यांनुसार वेगवेगळी हवी असते, सर्वेक्षणाचे तक्ते सुधारावयाचे असतात, आणि योजनेची अंमलबजावणी अधिक न्याय्य करावयाची असते. दुसरा संरचनावादी: त्याच्या मते जमीन, मजुरी, कर्ज आणि व्यापाराच्या अटी न बदलता नुसते रकाने वाढविणे म्हणजे रोग्याची प्रकृती रोज अधिक बारकाईने लिहून ठेवून औषध न देणे होय. तिसरा वसाहतवादाच्या वारशाला भिडणारा: मदत देण्याघेण्याच्या संबंधातच जी उतरंड आहे, तिच्याकडे तो बोट दाखवितो. याखेरीज या संकल्पनेविषयीच साशंक असलेला एक गंभीर स्वर आहे. निवेदिता मेनन यांनी 2015 साली असा युक्तिवाद केला, की भारतात ‘स्त्री’ ही कोटी कधीच एकसंध नव्हती, जात आणि धर्मसमुदाय यांनी ती आरंभापासूनच छेदलेली होती. म्हणून हा शब्द येथे फारसे नवे सांगत नाही, आणि तो पसरला त्यात संयुक्त राष्ट्रे व निधी देणाऱ्या संस्था यांच्या वाटांचा मोठा हात आहे. श्रीलता बाटलीवाला यांनी त्यापूर्वीच ‘सक्षमीकरण’ या शब्दातील सत्ताविचार गळून जाऊन तो कर्जवाटपाचा पर्याय कसा झाला, हे दाखवून दिले होते. हे आक्षेप बाजूला सारण्याजोगे नाहीत. चळवळीचा शब्द अर्जाच्या नमुन्यात शिरला की त्याची धार कशी बोथट होते, हे बचत गटांच्या महाराष्ट्राने पुरते अनुभवले आहे.

तथापि शब्दाची झीज झाली म्हणून ज्या वस्तुस्थितीकडे तो निर्देश करतो ती नाहीशी होत नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत किनाऱ्यावरील अनेक गावांत पुरुषांहून स्त्रिया अधिक बुडाल्या. पुढे नुकसानभरपाई व मदत यांचा मोठा ओघ होड्या आणि जाळी यांकडे वळला, कारण मासेमारीचे नुकसान त्यांनीच मोजले जात होते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी स्त्री, होडीवर मजुरी करणारे दलित, आणि इरुळ आदिवासी यांचे नुकसान त्या मापाने मोजता येईना. 2015 च्या नेपाळमधील भूकंपानंतर घर बांधण्यासाठी तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान ठरले, पण त्यासाठी आरंभी लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा दाखला, दाखवावी लागे; भूमिहीन दलित, कुळे, आणि नागरिकत्वाचा कागद नवऱ्याच्या वा बापाच्या संमतीवाचून सहज न मिळणाऱ्या स्त्रिया त्या उंबरठ्यावरच अडल्या. दोन्ही ठिकाणी मदत करणाऱ्यांच्या मनात खोट होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. माप चुकीचे होते. आणि ते ठरविताना चौकात उभी असलेली व्यक्ती तेथे हजर नव्हती.

ही गैरहजेरी मदतसंस्थांच्या अंतर्गत कारभारालाही लागू आहे. 2016 साली इस्तंबूल येथील मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी व संस्थांनी 2020 पर्यंत मदतनिधीचा चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. धोरण एका खंडात ठरावे, पैसा दुसऱ्या शहरातून सुटावा, आणि पूर आलेल्या गावात रात्री कंदील घेऊन घरोघर जाणारी स्त्री मानधनावर राबावी, ही रचना जोवर टिकून आहे तोवर समतेचा पाठ इतरांस शिकविण्याचा अधिकार या क्षेत्राला पूर्णांशाने प्राप्त होत नाही.

हा संग्रह ज्या घडीला वाचकांच्या हाती येत आहे, ती या विषयासाठी कठीण घडी आहे. 2014 साली स्वीडनने जगातील पहिले स्त्रीवादी परराष्ट्र धोरण जाहीर केले आणि 2022 साली तेथील नव्या सरकारने ते सोडून दिले. कॅनडाने 2017 साली आपले आंतरराष्ट्रीय साहाय्य स्त्रीवादी तत्त्वांवर उभे करण्याचे ठरविले; जर्मनीने 2023 साली तोच मार्ग धरला. 2025 साली अमेरिकेने परदेशी मदत प्रथम स्थगित केली, आणि 1961 पासून चालत आलेल्या ‘यूएसएड’चे काम 1 जुलैपासून परराष्ट्र खात्यात विलीन झाले; ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यावरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यावर आणण्याचा निर्णय जाहीर केला. निधी आटतो तेव्हा याद्या आखडतात. आणि याद्या आखडताना जिचे नाव मोठ्या मिनतवारीने शेवटी चढले होते, तेच प्रथम कमी होते. म्हणून पैसा कमी असताना हा विचार चैनीचा ठरतो, असे जे आता सर्रास म्हटले जाते, ते मला उलटे वाटते. विपुलतेच्या काळातील चुकीचे माप काही थोड्यांना वगळते, टंचाईच्या काळातील चुकीचे माप जीव घेते.

प्रस्तुत संग्रहाचा उद्देश हा विषय मराठी वाचकासमोर त्याच्या स्वतःच्या भाषेत, त्याच्या परिचयाच्या उदाहरणांच्या आधाराने, परंतु जगाच्या विस्तृत पटावर ठेवून मांडण्याचा आहे. क्षेत्रात काम करणाऱ्यांचे अनुभव आणि अभ्यासकांचे विवेचन येथे शेजारी शेजारी आले आहे, आणि दोहोंत जेथे विसंवाद आहे तेथे तो संपादकांनी लपविलेला नाही. हे पुस्तक कोणाला तयार आराखडा देणार नाही. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला, ग्रामपंचायतीच्या सदस्येला, बचत गटाच्या हिशेबनीस बाईला, परदेशात मदतसंस्थेत नोकरी करणाऱ्या मराठी तरुणाला आणि तहसील कचेरीत पंचनाम्याचे कागद तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याला, आपल्या हातातील रकान्यांकडे पुन्हा एकदा निरखून पाहण्याची सवय लावावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. आणि ती अपेक्षा लहान नाही. परिभाषेच्या बाबतीतही वाचकाने थोडी सबुरी बाळगावी. ‘आंतरछेदी’ हा शब्द अद्याप मराठीच्या जिभेवर पुरता रुळलेला नाही. तो रुळेल किंवा त्याहून चांगला शब्द एखाद्या गावच्या बैठकीतून पुढे येईल, आणि तसे झाले तर त्याचे स्वागतच करावे.

ज्या किल्लारीपासून आरंभ केला तिच्याकडेच जाऊन हे निवेदन संपवितो, कारण त्या कार्यक्रमाचा दुसरा एक भाग अजून सांगावयाचा आहे. जी गावे हलविली गेली नाहीत, त्या सुमारे 1,300 गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण लोकांनी स्वतः करावयाचे होते, आणि त्यासाठी गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, सिमेंट किती लागते, भिंत कोपऱ्यात कोठे बांधून घ्यावयाची आणि अभियंत्याला काय विचारावयाचे, हे त्या शिकल्या, घरोघर सांगत फिरल्या आणि ज्यांच्या दारी कचेरीचा माणूस फिरकला नव्हता त्यांची गाऱ्हाणी त्यांनी कचेरीपर्यंत नेली. त्याही यादीत सर्वजणी होत्या असे मी म्हणणार नाही. कोणत्या वाड्यातील स्त्री त्या बैठकीत बोलली आणि कोणती दाराशी उभी राहून ऐकत राहिली, हे विचारणे हेच तर या पुस्तकाचे काम आहे. पण ज्या स्त्रीचे नाव कागदावर लिहिण्यास कोणी तयार नव्हते, तिच्याच हाती कागद आणि लेखणी आली म्हणजे मोजमाप कसे बदलू लागते, त्याचा आरंभ तेथे झाला होता. तो आरंभ पुढे नेण्याची इच्छा ज्यांच्या मनात आहे, त्यांच्या हाती हा संग्रह मोठ्या आस्थेने सोपवीत आहे.